दिनविशेष : ११ एप्रिल – रियाधमध्ये भेकेचे डोके

११ एप्रिल २०२२, रियाध. आशियातील अव्वल क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारताच्या मुंबई सिटी या फुटबॉल क्लबने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. उत्तरार्धात आधी मुंबईने गोल खाल्ला. मग दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पाचच मिनिटांत कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला राहुल भेकेने डोके लावले.

या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. आदल्या वर्षी एफसी गोवाच्या वाट्याला फक्त तीन बरोबरी आल्या होत्या. मुंबईसमोरचा संघही ऐरागैरा नव्हता; २०१६ च्या एएफसी कप अंतिम सामन्यात त्यानेच बेंगळुरूला नमवले होते.

आपले क्लब परदेशी खेळाडूंच्या जिवावर जगतात, ही तक्रार जुनी आहे. पेनल्टी ब्राझीलच्याच खेळाडूने मारली, हेही खरे. पण विजयी गोल मुंबईच्या पोराचा, तोही बचावपटूचा! जालन्यात शाळेच्या पटांगणावर एका चेंडूमागे वीस-बावीस पोरे धावतात तेव्हा बचावासाठी मागे थांबायला कुणीच तयार नसते. भेकेची जागा मागचीच. त्या कॉर्नरपुरता तो पुढे आला होता.