मुक्या सोबत्याचे काळीज

बदलापूर या नावाविषयी लोक अशी कथा सांगतात की, मराठेशाहीत दूरच्या मजलेवर निघालेल्या स्वारांचे थकलेले घोडे येथे बदलले जात. कथेला ऐतिहासिक आधार किती, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी तिच्यातील मर्म खरे आहे. माणसाची वाटचाल जनावराच्या श्रमावर झाली आहे. वैद्यकविद्याही याला अपवाद नाही. आणि यकृताच्या ज्ञानाबाबत तर आपण विशेषेकरून कुत्र्याचे ऋणी आहो. हे ऋण कसे जडले, आणि अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या पट्ट्यातील घराघरांतून ते कसे फेडता येईल, याचा आज थोडक्यात विचार करू.

‘काळीज’ हा शब्द आपण माया आणि धैर्य यांच्या संदर्भात हृदयासाठी योजतो. परंतु खाटकाकडे कलेजी मागणाऱ्याच्या पदरात यकृतच पडते. संस्कृतात यकृताला ‘कालखंड’ असेही नाव आहे. पशुवैद्यक आपल्याकडे नवे नव्हे. शालिहोत्राच्या नावावर अश्वशास्त्र आहे, पालकाप्याच्या नावावर हस्त्यायुर्वेद आहे. मात्र या ग्रंथांचा विषय राजाचे घोडे आणि हत्ती. दारचे कुत्रे त्यांच्या कक्षेबाहेरच राहिले.

त्या कुत्र्याला शास्त्रात प्रवेश मिळाला तो युरोपातील प्रयोगशाळांत, आणि तोही फार मोठी किंमत देऊन. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने १८४८ साली केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर आढळल्याचे दाखविले, आणि यकृत हे साखर साठविणारे व पुरविणारे कोठार आहे हे सिद्ध केले. १८७७ साली रशियात एक या शल्यवैद्याने कुत्र्याच्या आतड्यांकडील रक्त यकृताला वगळून पुढे नेणारी शस्त्रक्रिया केली. पुढे पावलॉव्ह व त्याच्या सहकाऱ्यांना दिसले की, अशा कुत्र्यांनी मांस खाल्ले की त्यांना झटके येतात व गुंगी चढते. अन्नातून निपजणारे अमोनियासारखे विष निरुपद्रवी करण्याचे काम यकृत अहोरात्र करीत असते, हा धडा मनुष्यजातीला त्या मुक्या जीवांनी दिला. पित्त तयार करणे, रक्त गोठविणारी द्रव्ये घडविणे ही कामे निराळीच.

१८८६ हे वर्ष आपल्या विषयात दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याच्या निकटच. त्याच साली जर्मनीत अडोल्फ वाइल याने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा विकार एकत्र दिसणाऱ्या रोगाचे वर्णन केले. १९१५ साली जपानात इनाडा व इडो यांनी त्याचा मळसूत्री जंतू शोधला. हाच लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात व चिखलात उतरतो आणि माणूस व कुत्रा या दोघांनाही ग्रासतो.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून वालधुनी उल्हासनगरातून पुढे जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. युद्धकाळातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी संसार थाटले आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. वस्ती दाट झाली, नदीकाठ आक्रसला. २६ जुलै २००५ च्या महापुरात हा पट्टा बुडाला. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. पूर ओसरतो, पण डबकी राहतात; आणि त्या डबक्यात तोंड घालणारा पहिला जीव म्हणजे घरचा कुत्रा.

पाण्याप्रमाणेच अन्नाचेही आहे. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी धरली. तो मका खाऊन सुमारे चारशे माणसांना कावीळ व जलोदर झाला आणि शंभराहून अधिक दगावली. कारण ठरले अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष. परंतु लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, माणसे आजारी पडण्यापूर्वी त्या गावांतील कुत्र्यांत हीच लक्षणे दिसली होती. कुत्र्याने सूचना दिली. ती वाचणारा कोणी नव्हता.

आपल्याला ती वाचता आली पाहिजे. डोळ्यांचा पांढरा भाग वा हिरड्या पिवळ्या दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे, वारंवार ओकारी, पोट फुगणे, यांपैकी काहीही दिसताच पशुवैद्याकडे जावे. रक्ततपासणीने पुष्कळ उलगडा होतो. जे धान्य वा शेंगदाणे बुरशी धरली म्हणून आपण टाकतो, ते जनावरापुढे टाकू नये. तापावरची आपली पॅरासिटॅमॉलची गोळी कुत्र्याचे यकृत जाळते. मांजराला तर एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. कुंडीतील शोभेचा सायकस, विशेषतः त्याचे बी, कुत्र्याला विषासमान आहे. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जीव धोक्यात येतो. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून वाट पाहू नये. स्वीडनच्या रुबार्थने १९४७ साली वर्णिलेल्या श्वान-हिपॅटायटिसवर आज लस आहे. लेप्टोस्पायरोसिसचीही आहे; ती दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी, टोचून घेणे इष्ट. ती सर्व जातींच्या जंतूंवर चालत नाही, म्हणून डबक्यापासून दूर राखणे आहेच.

यकृतवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर फार भिस्त ठेवू नये. १९३१ साली हिगिन्स व अँडरसन यांनी उंदरांवर दाखविले की, यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून पूर्ववत होतो. इतके उदार इंद्रिय शरीरात दुसरे नाही. त्याला आपल्याकडून बव्हंशी एवढेच हवे असते की, नवे विष त्याच्यावर लादले जाऊ नये. जनावराच्या थाळीतले पाणी व अन्न ज्या घरात स्वच्छ असते, त्या घरातील माणसांचे पाणी व अन्नही सहसा निर्मळ असते. कुत्र्याच्या काळजाची काळजी वाहणे म्हणजे भूतदया तर आहेच, पण आपल्या घराच्या दारावर पहारा ठेवणेही आहे.