गॅसला वास कुणी दिला?



सिलिंडर बदलताना क्षणभर नाकात शिरणारा तो कुजक्या कोबीसारखा वास गॅसचा नसतोच. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नाही. तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि ज्याने तो येतो त्या रसायनाला मरकॅप्टन म्हणतात. गॅसला वास द्यायची युक्ती जुनी आहे, पण त्याची सक्ती होण्यामागे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली एक शाळा आहे. गॅसची लाइन सरकवायची असो की गीझर बसवायचा असो, कुणाला बोलवायचं हा प्रश्न आपल्याला नेहमी पडतो, म्हणून ती गोष्ट आज सांगते.

गावाचं नाव न्यू लंडन. 1930 च्या सुमारास त्या भागात तेल लागलं आणि जगभर मंदी असताना तिथे पैसा आला. शाळेच्या आवारातसुद्धा तेलविहिरी होत्या. 1932 मध्ये पोलाद-काँक्रीटची मोठी इमारत उभी राहिली, खर्च दहा लाख डॉलर. मूळ आराखड्यात एकच बॉयलर होता, त्याची वाफ नळ्यांतून सगळ्या खोल्यांत जाणार होती. शाळेच्या मंडळाने ते बदललं आणि खोल्याखोल्यांत मिळून 72 गॅसचे हीटर बसवले. एका ज्योतीऐवजी बहात्तर ज्योती, आणि तेवढेच नळीचे जोड!

गॅसचं बिल महिन्याला सुमारे 300 डॉलर यायचं. 1937 च्या सुरुवातीला मंडळाने ते बंद केलं. तेलाबरोबर जमिनीतून निघणारा उरलासुरला गॅस कंपन्या तेव्हा नुसता जाळून टाकत. आसपासची घरं, दुकानं त्याच्या पाइपला गुपचूप जोड मारून फुकट वापरत आणि कंपन्या काणाडोळा करत. शाळेनेही प्लंबर लावून तसाच जोड घेतला.

इथे मला थांबावंसं वाटतं. वाया जाणारी वस्तू घेतली तर कुणाचं काय गेलं, असा प्रश्न आपल्याही मनात येतो. आपल्या अणुव्रतांत चोरीला 'अदत्तादान' असाही शब्द आहे, म्हणजे न दिलेलं घेणं. मालक बघून न बघितल्यासारखं करतो म्हणजे त्याने दिलं असं होत नाही. पण व्रताचा विचार बाजूला ठेवला, तरी या जोडात व्यवहाराची एक मेख होती. पैसे मोजून घेतलेल्या गॅसच्या मागे कुणीतरी जबाबदार असतं. दाब तपासणारा, गळती झाली तर धावत येणारा माणूस असतो. फुकटच्या पाइपमागे कुणीच नव्हतं. दाब कधी कमी, कधी जास्त. आणि वास तर नाहीच.

मुलांचं डोकं दुखायला लागलं होतं. घरी येऊन ती सांगत, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. (डोकं दुखतं म्हणणाऱ्या मुलाला आपणही आधी अभ्यासाचा कंटाळाच समजतो.)

18 मार्च 1937, गुरुवार, दुपारचे तीन वाजून गेलेले. लहान वर्ग सुटले होते. शेजारच्या व्यायामशाळेत पालक-शिक्षक सभा चालू होती, आया तिथेच बसल्या होत्या. गळलेला गॅस शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत साचला होता. सुतारकामाच्या वर्गात एका शिक्षकाने लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं. त्याची ठिणगी पुरली. इमारत वर उचलली गेली आणि कोसळली. दोन टनांचा एक काँक्रीटचा तुकडा 200 फुटांवरच्या मोटारीवर जाऊन पडला. सुमारे तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. आया सभेतून धावत आल्या आणि हातांनी विटा उपसायला लागल्या.

चौकशी झाली, पण कुणा एका माणसावर दोष आला नाही. मात्र काही आठवड्यांतच टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती केली, आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. लोक इथवरचं सांगतात. याच दुर्घटनेनंतर त्याच वर्षी टेक्सासने इंजिनिअरांच्या नोंदणीचाही कायदा केला, तो फारसा कुणाला आठवत नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. वास आपल्याला गळती झाल्यावर कळवतो. जोड कुणाच्या हाताने व्हावा हे त्या दुसऱ्या कायद्याने ठरवायला सुरुवात केली.

पुढे 1968 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये, खऱ्या लंडनमध्ये, रोनन पॉइंट नावाच्या 22 मजली नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईंनी पहाटे चहासाठी काडी ओढली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. शेगडीच्या नळीला जोडणारा पितळी नट हलक्या प्रतीचा होता. त्यानंतर 1970 मध्ये तिथे गॅसकाम करणाऱ्यांची नोंदवही सुरू झाली आणि 1991 पासून ती सक्तीची झाली. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुली घरी आलेल्या माणसाकडे 'गॅस सेफ'चं कार्ड मागतात, ते याच नोंदवहीचं आजचं रूप. कार्डाच्या मागे त्याला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे हेही छापलेलं असतं, म्हणून ते उलटून बघायचं.

आपल्याकडे किचनची ट्रॉली बसवणारा सहज म्हणतो, "ताई, पाइप दोनच इंच सरकवायचाय, मीच करून देतो." त्याला चहा द्या, पाइप देऊ नका. पाइपलाइनचा गॅस असेल तर त्या कंपनीला कळवा, सिलिंडर असेल तर एजन्सीचा मेकॅनिक बोलवा, ओळखपत्र बघा, पैशांची पावती घ्या. काम झाल्यावर प्रत्येक जोडाला आपल्यासमोर साबणाचं पाणी लावायला सांगा; बुडबुडा आला तर जोड गळतोय. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

राहिला गॅस गीझर. पाणी उकळून पिणाऱ्या, सकाळी लवकर आंघोळ करून देवदर्शनाला जाणाऱ्या आपल्या घरांत तो बराच दिसतो. गॅस नीट जळायला हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि मरकॅप्टन तोवर जळून गेलेलं असतं. त्या विषाला वास नाही. म्हणून गीझर बसवायला येणाऱ्याला दर विचारण्याआधी हे विचारा: याचा धूर कुठून बाहेर जाणार, आणि हवा कुठून आत येणार?