युनिक्समधील प्रवेश-नोंदी व त्यांतील बिघाड

युनिक्स व युनिक्ससदृश संचालन प्रणालींमध्ये कोणता वापरकर्ता कोणत्या टर्मिनलवरून केव्हा आत आला आणि केव्हा बाहेर पडला, याची टिपणे ज्या धारिकांत ठेवली जातात त्यांना प्रवेश-नोंदी म्हणतात. यूटीएमपी, डब्ल्यूटीएमपी, बीटीएमपी व लास्टलॉग या त्यांपैकी प्रमुख होत. या धारिका बिघडल्या तरी सर्व्हर सहसा बंद पडत नाही. तो केवळ चुकीची माहिती देऊ लागतो. त्यामुळे हा बिघाड पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो. याउलट, केवळ टर्मिनलचा पडदा बिघडला असता नोंदीच बिघडल्याचा भास होतो आणि धडधाकट धारिकेची ‘दुरुस्ती’ करण्याच्या भरात पुरावा नष्ट होण्याचा धोका असतो.

रचना

यूटीएमपीमध्ये सध्या आत असलेल्या वापरकर्त्यांची, डब्ल्यूटीएमपीमध्ये आजवरच्या ये-जा तसेच यंत्र सुरू-बंद होण्याची, बीटीएमपीमध्ये फसलेल्या प्रयत्नांची, तर लास्टलॉगमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या अखेरच्या प्रवेशाची नोंद असते. ‘हू’ व ‘डब्ल्यू’ या आज्ञा पहिली धारिका वाचतात, ‘लास्ट’ ही दुसरी आणि ‘लास्टबी’ ही तिसरी. घाईत वापरकर्तानावाच्या जागी परवलीचा शब्द टंकला जाण्याची चूक सर्रास होते व तो शब्द बीटीएमपीमध्ये जसाच्या तसा उमटू शकतो. म्हणून ही धारिका सर्वांना वाचण्यास खुली ठेवू नये.

या धारिका साध्या मजकुराच्या नसून द्विमान स्वरूपाच्या असतात. ६४-बिट एक्स८६ संगणकावरील लिनक्समध्ये यूटीएमपी, डब्ल्यूटीएमपी व बीटीएमपी यांतील प्रत्येक नोंद नेमकी ३८४ बाइटची असते. त्यांपैकी ३२ बाइट वापरकर्तानावासाठी, ३२ टर्मिनलच्या नावासाठी व २५६ दूरस्थ यंत्राच्या नावासाठी राखलेले असतात. दोन नोंदींमध्ये विभाजक खूण नसते आणि नोंद शाबूत आहे की नाही हे पडताळणारी बेरीजही नसते. हजेरीपटात एक चौकट चुकून वगळली गेली की पुढील प्रत्येकाची हजेरी शेजाऱ्याच्या नावावर पडते. येथेही तसेच घडते. या नोंदीतील वेळ ३२ बिटांत साठवली जात असल्याने १९ जानेवारी २०३८ नंतरचा काळ तीत मावत नाही.

लास्टलॉगची घडण निराळी आहे. तीत वापरकर्ता-क्रमांकावरून नोंदीची जागा ठरते. ४२९४९६७२९४ असा क्रमांक असलेले एखादे खाते नोंदले गेले, तर धारिकेचा आकार सुमारे १.२ टेराबाइट दिसतो. प्रत्यक्षात मधली जागा रिकामी असून चकतीवर ती जेमतेम काही किलोबाइट व्यापते. हा बिघाड नव्हे. मात्र रिकाम्या जागेचे भान न ठेवणाऱ्या साधनाने तिची प्रत घेतल्यास चकती खरोखरच भरून जाते.

बिघाडाची रूपे

सर्वांत सौम्य बिघाड म्हणजे शिळी नोंद. टर्मिनलची खिडकी अकस्मात मारली गेली व बाहेर पडल्याची नोंद झालीच नाही, तर केव्हाच निघून गेलेला वापरकर्ता ‘हू’ आज्ञेला आतच दिसतो. नोंदीत प्रक्रियेचा क्रमांक असतो. तो ‘पीएस’ आज्ञेने तपासावा. त्या क्रमांकाची प्रक्रिया चालू नसेल तर नोंद शिळी समजावी.

वीज गेल्याने धारिकेचा एखादा तुकडा शून्यांनी भरला गेला, तर तेथे नाव रिकामे व दिनांक १ जानेवारी १९७० असा उमटू शकतो. भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटेचे ५:३०. चकती भरल्यामुळे अखेरची नोंद अर्धवट राहिली, तर जीएनयूचे सी ग्रंथालय पुढील नोंद जोडण्यापूर्वी तो अर्धवट तुकडा छाटून टाकते. खरी अडचण मध्यभागी काही बाइट गळाले वा घुसले की होते. अशा वेळी आरंभापासून वाचणाऱ्या साधनाला तुटीआधीच्या नोंदी नीट दिसतात, तर शेवटाकडून उलट वाचणाऱ्याला तुटीनंतरच्या. दोन्हींची तुलना केल्यास तूट कोठे आहे याचा अंदाज येतो.

पडद्याचा दोष

द्विमान धारिका ‘कॅट’ आज्ञेने थेट पडद्यावर ओतली, तर तिच्यातील बाइट टर्मिनलला नियंत्रण-चिन्हे वाटतात. ‘शिफ्ट आउट’ हे १४ क्रमांकाचे चिन्ह आले की टर्मिनल दुसऱ्या वर्णसंचाकडे वळू शकते आणि लहान इंग्रजी अक्षरांच्या जागी रेषा व कोपरे उमटू लागतात. सुरक्षित शेलमधून जोडणी केलेली असल्यास हा दोष वापरकर्त्याच्या स्वतःच्या यंत्रावरील खिडकीत असतो. सर्व्हरचा त्यात काही संबंध नसतो.

टंकलेले न दिसणे किंवा ओळी पायऱ्यांसारख्या तिरक्या उतरणे हा वेगळा प्रकार आहे. टर्मिनलची अवस्था बदलणारा कार्यक्रम ती पूर्ववत न करता कोसळला की असे होते. येथे दोष कर्नलमधील टर्मिनल-व्यवस्थेत असतो. त्यावर ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा लागू पडते. एंटर कळ दाद देत नसल्यास तिच्याऐवजी कंट्रोल-जे दाबावे. वर्णसंचाच्या दोषावर मात्र ती निरुपयोगी असून तेथे ‘रीसेट’ वापरावी लागते. पडदा नुसताच गोठला असेल तर बहुधा चुकून कंट्रोल-एस दाबले गेलेले असते. कंट्रोल-क्यूने तो मोकळा होतो.

निदान व दुरुस्ती

प्रथम नवी खिडकी उघडून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. तेथे सारे ठीक दिसले तर धारिकेला हात लावण्याचे कारण उरत नाही. दोष कायम असल्यास धारिकेच्या आकाराला ३८४ ने भागून पाहावे. बाकी उरली तर रचना निश्चित मोडली आहे. बाकी शून्य आली म्हणजे धारिका निर्दोष ठरते असे मात्र नाही.

दुरुस्तीपूर्वी मूळ धारिकेची प्रत अन्यत्र ठेवणे अत्यावश्यक आहे. ‘यूटीएमपीडंप’ हे साधन नोंदी मजकुरात उतरवते व सुधारलेल्या मजकुरातून पुन्हा द्विमान धारिका घडवते. नोंदी सरकल्या असतील, तर आधी ‘डीडी’ने तुटीच्या दोन्ही बाजू वेगळ्या करून मगच हे साधन वापरावे. डब्ल्यूटीएमपी सरळ पुसून टाकण्याचा उपाय सुचवला जातो, तो अविचाराचा आहे. पारंपरिक प्रवेश-कार्यक्रम ही धारिका स्वतः निर्माण करत नाहीत. ती नाहीशी झाली की नोंदणीच थांबते आणि रिकामी धारिका योग्य मालकी व परवानग्यांसह हाताने उभी करावी लागते.

सुरक्षेची बाजू

घुसखोर आपला माग पुसण्यासाठी याच नोंदी शून्याने भरतात. त्यामुळे वीज गेल्याचा पुरावा नसताना मधलीच एक नोंद कोरी आढळणे संशयास्पद मानले जाते. लास्टलॉगमधील अखेरचा प्रवेश डब्ल्यूटीएमपीमध्ये सापडत नसेल, तर प्रमाणीकरणाच्या स्वतंत्र नोंदवहीशी तो ताडून पाहावा. मात्र डब्ल्यूटीएमपीच्या जुन्या धारिका ठरावीक काळाने बाजूला काढल्या जातात, हे त्या वेळी विसरू नये. सनओएस ४.१ मालिकेत यूटीएमपी कोणालाही लिहिता येत असे व तिच्यावर विसंबणाऱ्या कार्यक्रमांना फसवणे शक्य होई. याविषयी १९९४ मध्ये सर्ट या संस्थेने इशारा प्रसिद्ध केला होता.

सद्यस्थिती

फ्रीबीएसडीने ९.० आवृत्तीपासून यूटीएमपीऐवजी यूटीएमपीएक्स पद्धत स्वीकारली. लिनक्सवरील मसल या सी ग्रंथालयात या नोंदींची कार्ये नावापुरतीच असल्याने अल्पाइन लिनक्समध्ये ‘हू’ आज्ञा रिकामे उत्तर देऊ शकते. डेबियन १३ (२०२५) मध्ये ‘लास्ट’ व ‘लास्टलॉग’ यांची जागा डब्ल्यूटीएमपीडीबी व लास्टलॉग२ यांनी घेतली. ही साधने एसक्यूलाइट विदागारात नोंदी ठेवतात व त्यांत वेळेसाठी २०३८ ची मर्यादा नाही.