अंथरूण पाहून पाय

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपले वाडवडील सांगून गेले. अंथरूण पाहायचं कसं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण ते समोरच दिसत असतं. संगणकाच्या प्रोग्रामला ते दिसत नाही. दिवे गेलेल्या घरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी त्याची अवस्था. त्याला विचारावंच लागतं, ‘‘अहो, सतरंजी केवढी घातलीय?’’ आणि पास्कल नावाच्या भाषेत हा प्रश्न विचारायला मुळात शब्दच नाही.

यात निकलाउस विर्त यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९७० साली झुरिकला त्यांनी पास्कल जगापुढे मांडली, तेव्हा प्रोग्राम कार्डांच्या गठ्ठ्यातून आत जायचा आणि उत्तर कागदावर छापून बाहेर यायचं. ‘राइटएलएन’ म्हटलं की एक ओळ लिहायची आणि पुढच्या ओळीला लागायचं, एवढाच संसार. ती ओळ कुठल्या भिंतीवर जाऊन आपटते, याची चौकशी भाषेनं करायची नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. भाषेत त्या काळच्या यंत्राचा आकार कोरला असता, तर यंत्राबरोबर तीही भंगारात गेली असती. विर्त १ जानेवारी २०२४ रोजी गेले; भाषा अजून चालती-बोलती आहे.

पण प्रश्न घराबाहेर ठेवला म्हणून सुटत नाही. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडला आणि लिहिणारा ‘रुंदी ८०’ असं धरून मोकळा झाला. ८०च का? तर १९२८ साली आयबीएमनं भोकं पाडायचं जे कार्ड काढलं, त्यावर ८० उभे रकाने होते! कार्डं गेली, काचेचे पडदे आले, ८० हलले नाहीत. १९७८ सालच्या डेकच्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० रकाने, २४ ओळी. १९८१च्या आयबीएम पीसीवर ८० रकाने आणि २५ ओळी. भाजीवर कोथिंबीर मिळावी, तशी एक ओळ वर.

१९८३ साली बोरलँडचं टर्बो पास्कल आलं आणि १९८७च्या चौथ्या आवृत्तीत ‘सीआरटी’ नावाचं युनिट. त्यात ‘विंडमॅक्स’ हा आकडा असे. दिसायला एक, पण खालच्या अर्ध्या भागात रकाने आणि वरच्या अर्ध्या भागात ओळी. मोजणी शून्यापासून, म्हणून ७९ आणि २४ मिळत. दोहोंत एकेक मिळवून घ्यायचा. प्रत्येकाच्या वाट्याला एकच बाइट, तेव्हा २५६च्या पुढे रुंदी सांगताच यायची नाही. शिवाय प्रोग्राम सुरू होताच विचारलं तरच खरं उत्तर. मध्येच स्वतःची छोटी खिडकी आखून घेतली असेल, तर तिचंच माप पुढे येई. पण हे विचारतो कोण? त्या काळच्या क्लासात तर चौकटीला किती तारे लागतात हे पाढ्यासारखं पाठ करून घेत.

आमच्या सोसायटीच्या माजी सेक्रेटरींनी १९९१ साली देखभालीच्या हिशोबाचा असाच एक प्रोग्राम लिहिला. पुढे त्यांच्या नातवानं तो फ्री पास्कलमध्ये घालून लिनक्सवर चालवला, आणि तोही जरा अरुंद खिडकीत. झालं! प्रत्येक ओळीचं शेपूट तुटून खाली पडलं. तीन नंबरच्या ब्लॉकची थकबाकी चार नंबरच्या डोक्यावर जाऊन बसली. चार नंबरवाल्या काकूंनी आयुष्यात कधी एक दिवसाचा उशीर केलेला नाही. त्या दोन महिने जिन्यात कुणाशी बोलत नव्हत्या.

युनिक्सची रीत निराळी. तिथे आधी टर्मकॅप नावाची वंशावळ होती: टर्मिनलचं नाव सांगा, लांबी-रुंदी घ्या. काचेची नळी ताणता येत नव्हती, तोवर हे ठीक चाललं. पुढे खिडक्या आल्या आणि माणसं त्यांचे कोपरे धरून ओढू लागली. मग १९८६च्या ४.३ बीएसडीत थेट विचारण्याची सोय दिसते. तिचं नाव टीआयओसीजीविनएसझेड. हे एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे चहा. खिडकी ओढली की प्रोग्रामला ढोसणी देणारी सिगविंच नावाची खूणही तिच्याच सोबतीची. फ्री पास्कलमधून ‘एफपीआयओसीटीएल’मार्फत हेच विचारतात.

विंडोजला विचारलं तर ते एका उत्तरात दोन मापं देतं. एक दिसणाऱ्या खिडकीचं आणि दुसरं मागच्या साठ्याचं, जो वर सरकवून वाचता येतो. हा साठा हजारो ओळींचा असू शकतो. दुसरं माप खरं धरलं, तर तळाची सूचना अशा खोल विहिरीत जाते, की ती वाचायला पोहरा सोडावा लागेल. दिसणारं माप हवं, तर उजव्या कडेतून डावी वजा करून एक मिळवायचा.

कुणीच धड बोलेना, तर एक गावठी उपाय आहे. कर्सरला सांगायचं, ९९९व्या ओळीत, ९९९व्या रकान्यात जा. तो बिचारा धावतो आणि कोपऱ्यात अडतो. मग विचारायचं, ‘‘कुठं आहेस रे?’’ ओ येते तीच खोलीची मापं. गंमत म्हणजे ही ओ कळफलकाच्या वाटेनं येते. त्याच वेळी कुणी काही टाइप करत असेल, तर त्याची अक्षरं आणि हे उत्तर यांची मिसळ होते.

आणि उत्तर पडद्यावर न जाता फाइलमध्ये जात असेल तर? तिथे ना खिडकी, ना भिंत. जुनं युनिक्स अशा वेळी बाणेदारपणे सांगे, ‘हा टाइपरायटर नव्हे’. चूक-संदेशाचे शब्द पुढे बदलले. क्रमांकाचं नाव मात्र अजून ‘एनॉटटीटीवाय’, म्हणजे तेच. कधी यंत्र तक्रारसुद्धा करत नाही, शून्य रकाने आणि शून्य ओळी असं उत्तर देतं. त्या शून्यानं भागायला गेलेला प्रोग्राम जागच्या जागी आडवा होतो.

तेव्हा जाणता माणूस हे सगळे दरवाजे ठोठावून झाले की शेवटी एक ओळ लिहून ठेवतो: कुणी काही सांगितलं नाही, तर रुंदी ८०. उंचीचं मात्र अजून ठरलेलं नाही. युनिक्सवाले २४ लिहितात, डॉसमध्ये वाढलेले २५.