तगर नगरी आणि सागर

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर सर्वांस ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांमुळे. परंतु त्यांच्याही फार पूर्वी ‘तगर’ या नावाने या गावाची कीर्ती समुद्रापार पोहोचली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. समुद्रकाठच्या मुलखातील माल येथे येई. येथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जाई.

पुढे हा व्यापार ओसरला. तरीही शेकडो वर्षांनंतर उत्तर कोकणचे शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय त्यांच्याच राजवटीतील होय.

तेरचे विटांचे त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. देव बदलले, वास्तू टिकली. गावच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविल्या, म्हणूनच त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आज तेथे उभे आहे.

जीर्णोद्धार म्हणजे जुने मोडून टाकणे नव्हे. पाया खणताना वीट, नाणे वा खापर निघाल्यास ते जपावे व तहसील कचेरीस वर्दी द्यावी. तगरचा इतिहास अशाच खापरांनी राखला आहे.