पिंपातून सूर काढणारी माणसं

वाद्यांचा इतिहास वाचताना आधी बघावं की तो लिहिलाय कुणी. युरोपात अडॉल्फ सॅक्सनं सॅक्सोफोन केला, १८४६ साली पॅरिसला पेटंट घेतलं, त्याचं नाव वाद्यालाच चिकटलं. आपल्याकडं डमरू शंकराचा, वीणा सरस्वतीची, बासरी कृष्णाची. आणि हलगी? ढोराचं कातडं सोलून, कमावून, कड्यावर ताणून, जाळावर शेकून त्यातून आवाज काढणारा पहिला माणूस कोण? त्याला नाव नाही, गाव नाही. पोथी लिहिणाऱ्याच्या हाताला त्या कातड्याचा विटाळ होता.

दोस्तहो, म्हणून एका वाद्याची गोष्ट सांगतो. ते विसाव्या शतकात जन्मलं. त्याचे कर्ते झोपडपट्टीतले, काळे, बहुतेक विशी न ओलांडलेले. आणि त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत.

वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद बेट. इंग्रजांचा मुलूख. उसाच्या मळ्यात राबायला आफ्रिकेतून माणसं बांधून आणलेली. १८३८ साली गुलामी कायमची सुटली, पण ढोल सुटला नाही. ढोल वाजला की माणसं जमतात, आणि माणसं जमली की मालकाच्या पोटात गोळा येतो. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेन शहरात कार्निव्हलच्या वेळी पोलीस आणि लोक यांची मारामारी जुंपली. १८८४ साली सरकारनं कायदाच केला. ढोल वाजवण्यावर, काठ्या घेऊन जमण्यावर बंधनं आली.

लोक गप्प बसले का? त्यांनी बांबू तोडला. जाड बांबू जमिनीवर आपटायचा, बारीक बांबूवर काठी हाणायची. या वाद्याला ते 'टँबू बांबू' म्हणत. पण बांबू फुटतो. मग १९३० नंतरच्या वर्षांत पोरांनी हाताला येईल ते उचललं. बिस्किटाचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पिंपाची झाकणं, मोटारीचे ब्रेक-ड्रम. ठोकून ठोकून डब्याला पोचा पडतो आणि पोचा पडला की आवाज बदलतो, हे त्यांच्या कानांनी टिपलं. शोध तो इथं लागला.

लॅव्हेंटिलच्या टेकडीवर जॉन जॉन नावाची गरिबांची वस्ती. तिथला विन्स्टन सायमन, लोक त्याला 'स्प्री' म्हणत. सांगतात की त्यानं आपला डबा दोस्ताला वाजवायला दिला. परत आला तो चेपून. सायमन आतून ठोकून तो सरळ करू लागला, तर ठिकठिकाणी वेगळा सूर निघाला. गोष्ट छान आहे. पण पहिला कोण, यावर तिथं अजून भांडण आहे. नेव्हिल ज्यूल्सची माणसं त्याचं नाव घेतात. मला वाटतं, हे भांडण चांगलं आहे. एकाच वेळी पाचपन्नास वस्त्यांत पोरं पत्रा बडवत होती. एकट्याच्या डोक्यावर मुकुट घातला की बाकीचे पुन्हा बेनाव होतात.

दुसरा एली मॅनेट, जन्म १९२७. मशीनवरचा कामगार. त्रिनिदादमध्ये तेलाच्या विहिरी, आणि युद्धात अमेरिकन लष्कराचा तळ पडलेला. तेलाची रिकामी पिंपं पडून असत. १९४६च्या सुमाराला मॅनेटनं ५५ गॅलनचं असं पिंप घेतलं. तोवर डब्याचा तळ बाहेर फुगवत, यानं घणानं तो आत दाबून वाटीसारखा केला. जागा वाढली, सूर वाढले. काठीच्या टोकाला रबर गुंडाळलं, आवाजातला खणखणाट गेला.

गिरणीत असलं पिंप रोज माझ्या पायाशी असतं. त्यातून सूर काढायला काय करावं लागतं ते वाचलं तेव्हा मी त्याच्याकडं नीट बघितलं. तळ घणानं खोलगट करायचा. सुरांच्या जागा आखून छिन्नीनं त्यांच्या कडा ठोकायच्या. पिंप जाळावर तापवायचं. मग लहान हातोडीनं खालूनवरून ठोकत एकेक जागा सुरात आणायची. मोठी जागा खालचा सूर देते, लहान जागा वरचा. एक ठोका जास्त पडला की शेजारचा सूर बिघडतो. याला अडाण्याचा खेळ म्हणणाऱ्यानं एकदा हातोडी धरून बघावी.

तिसरा अँथनी विल्यम्स. त्यानं सूर कोळ्याच्या जाळ्यासारखे मांडले. ज्या सुरांचं एकमेकांशी जमतं ते शेजारी. सा शेजारी प, दुसऱ्या बाजूला म. आज जगभर बहुतेक हीच मांडणी चालते. चौथा लॅव्हेंटिलचा बर्टी मार्शल. एका सुरात दडलेले वरचे बारीक सूर कसे जुळवायचे, हे त्यानं शोधलं.

आणि समाज यांना काय म्हणत होता? गुंड. पॅन वाजवणाऱ्या पोराला घरात मार, रस्त्यात पोलीस. बँडबँडांत मारामाऱ्याही व्हायच्या, ते लपवायचं कारण नाही. १९५१ साली लंडनच्या महोत्सवासाठी याच वेगवेगळ्या बँडमधले वादक एकत्र केले. सायमन, मॅनेट, विल्यम्स तिघंही त्यात. प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली. ग्रिफिथ नावाच्या बँडमास्तरनं त्यांच्याकडून मधले सगळे सूर बसवून घेतले. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठं त्रिनिदादच्या शिकल्यासवरल्यांना हे वाद्य आपलं वाटू लागलं.

पुढं १९९२ साली ते राष्ट्रीय वाद्य झालं. २००१ साली अमेरिकेत दोघांनी यंत्रानं दाबून पॅन बनवण्याच्या रीतीचं पेटंट मिळवलं, त्रिनिदादमध्ये संताप उसळला. हातोडीवाल्यांनी कागद केला नव्हता. आणि २०२५ साली देशाच्या राजमुद्रेवरची कोलंबसची तीन जहाजं काढून तिथं पॅन बसवायचं ठरलं. माणसं लुटायची वाट उघडणारी जहाजं खाली, वस्तीतलं पिंप वर.

आता आपलं. काळ्यांशी नातं आपण १९७२ साली 'पँथर' हे नाव घेऊन जाहीर केलंच आहे. पण एक फरक ध्यानात घ्या. त्यांना ढोल वाजवायला बंदी होती, आपल्याला वाजवायची सक्ती होती. गावच्या जत्रेत, पाटलाच्या वरातीपुढं, मढ्यापुढं हलगी वाजवायची ती हुकमानं, शिळ्या भाकरीवर. १९२७ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. गावकीची कामं सुटत गेली, त्यांबरोबर कित्येकांनी हलगीही खुंटीवर टांगली. बरोबर केलं. त्यांनी ढोल उचलला तेही बंड, आपण टाकला तेही बंड.

पण हुकूम गेला की वाद्य कुणाचं? मोर्चात आज हलगी कडाडते तेव्हा ती पाटलाची नसते. म्हणून वस्तीत ती मढवणारा जो म्हातारा उरलाय, त्याच्याकडं वही घेऊन जा. नाव लिहा, गाव लिहा, कातडं कसं ताणतो ते लिहा. पोथीवाले लिहिणार नाहीत. त्रिनिदादच्या पोरांनी आपली नावं पुसू दिली नाहीत. आपण आपली अजून लिहिलेलीच नाहीत.

जयभीम.