जुन्या एसयूव्हीच्या पुढच्या चाकांचे बेअरिंग : झिजेची लक्षणे, तपासणी आणि बदल

भारतातील रस्त्यांवर आजही जुन्या एसयूव्ही मोठ्या संख्येने धावताना दिसतात. टाटा सुमो १९९४ मध्ये, टाटा सफारी १९९८ मध्ये, महिंद्रा बोलेरो २००० मध्ये, तर महिंद्रा स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे अशी अनेक वाहने लाखो किलोमीटर धावूनही वापरात राहतात. त्यांच्या इंजिनाची काळजी घेतली जाते, मात्र पुढच्या चाकांच्या बेअरिंगकडे बहुधा आवाज येऊ लागल्यावरच लक्ष जाते. हा लहानसा भाग निकामी झाल्यास चाक जाम होऊ शकते किंवा निखळू शकते.

बेअरिंगचे काम

वाहनाचा भार पेलत चाक कमीत कमी घर्षणाने फिरत ठेवणे, हे बेअरिंगचे काम असते. वळणावर चाकावर बाजूनेही मोठा दाब येतो. हे दोन्ही भार एकाच वेळी पेलता यावेत, यासाठी निमुळत्या रोलरची बेअरिंग वापरली जातात. या रचनेचे पेटंट अमेरिकेत हेन्री टिमकेन यांना १८९८ मध्ये मिळाले.

जुन्या पिढीतील अनेक एसयूव्हींच्या पुढच्या हबमध्ये अशी दोन बेअरिंग असतात. आतले आकाराने मोठे, तर बाहेरचे लहान असते. हबमध्ये घट्ट बसणाऱ्या पोलादी कडीला गॅरेजमध्ये ‘कप’ म्हणतात आणि रोलर असलेल्या आतल्या भागाला ‘कोन’. कोन स्टब ॲक्सलवर बसतो आणि बाहेरून लावलेल्या नटाने बेअरिंगचा ताण ठरतो. आतल्या बाजूचे ऑइल सील ग्रीस आत आणि पाणी व धूळ बाहेर ठेवते. नंतरच्या अनेक वाहनांमध्ये मात्र कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले एकसंध बेअरिंग असते. त्याचा ताण जुळवता येत नाही. बिघाड झाल्यास ते पूर्णच बदलावे लागते.

झीज का होते

पाणी हा बेअरिंगचा मोठा शत्रू आहे. धावून तापलेला हब पुराच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात बुडाला की एकदम थंड होतो. आतली हवा आकुंचन पावते आणि जीर्ण सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढुरके होऊन त्याची चिकटण्याची शक्ती कमी होते आणि रोलरवर गंज धरतो. कोकणातील पावसाळा असो, आसाममधील पूर असो किंवा लडाखमधील नाले ओलांडण्याचा प्रवास असो, परिणाम सारखाच होतो.

क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी किंवा माल, खड्ड्यांचे धक्के आणि मूळ मापापेक्षा रुंद टायर यांमुळेही झीज वाढते. चुकीची जोडणी हे आणखी एक कारण आहे. नट फार आवळला तर बेअरिंग तापते, फार सैल ठेवला तर रोलर कपावर आदळत राहतात.

लक्षणे कशी ओळखावीत

चाकाच्या दिशेने येणारी सलग घरघर हे पहिले लक्षण होय. वाहनाच्या वेगाबरोबर ती वाढते. गिअर न्यूट्रल करून वाहन उतारावर सोडले तरी ती कायम राहिल्यास आवाज इंजिनाचा नसल्याचे स्पष्ट होते.

टायरचा आवाजही असाच भासतो. मात्र तो रस्त्याच्या पृष्ठभागानुसार बदलतो. पुढचे-मागचे टायर अदलाबदल केल्यावर आवाजाची जागा बदलली, तर दोष टायरमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

सदोष बाजू ओळखण्यासाठी वळण उपयोगी पडते. वाहन डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्या बेअरिंगवर. हा संकेत आहे, अंतिम पुरावा नव्हे.

झीज वाढली की चाक किंचित डगमगते. डिस्क ब्रेकचे पॅड त्यामुळे मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला ब्रेकचे पेडल खोल जाते. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा फार गरम लागणे, स्टिअरिंग थरथरणे आणि टायर असमान झिजणे हीही लक्षणे आहेत. मात्र यांची इतर कारणेही असू शकतात. म्हणून वाहन उचलून तपासणी करणे आवश्यक ठरते.

चाक उचलून तपासणी

वाहन सपाट, कठीण जमिनीवर उभे करावे. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत. जॅकने पुढची बाजू उचलल्यानंतर चासीखाली भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या वाहनाखाली कधीही जाऊ नये.

चाक वर व खाली धरून आळीपाळीने आत-बाहेर हलवावे. खटखट जाणवल्यास सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे. ती तशीच राहिली, तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचे इतर सांधे तपासावेत. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खटखट येत असेल, तर स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे पाहावे.

त्यानंतर एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला जाणवते. ढिलाई नसतानाही खरखर असू शकते. म्हणून दोन्ही चाचण्या कराव्यात.

बेअरिंग बदलण्याची पद्धत

पुढील क्रम दोन निमुळत्या रोलर बेअरिंगच्या, मागच्या चाकांनी चालणाऱ्या वाहनांचा आहे. चारही चाकांनी चालणाऱ्या एसयूव्हीत पुढच्या हबला ॲक्सलची जोडणी, लॉकिंग हब किंवा दोन नट असू शकतात. तेथे त्या मॉडेलची कार्यपुस्तिका पाहणे अनिवार्य आहे.

चाकाचे नट वाहन जमिनीवर असतानाच किंचित सैल करावेत. चाक काढल्यावर ब्रेकचे कॅलिपर सोडवून तारेने टांगावे. ते ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नये. मधली ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट आणि वॉशर काढले की बाहेरचे बेअरिंग सुटते आणि हब डिस्कसह ओढून घेता येतो. मग जुने सील उपटून आतले बेअरिंग काढावे.

जुने भाग फेकण्यापूर्वी पाहावेत, कारण ते बिघाडाचे कारण सांगतात. निळसर रंग अतिउष्णता दाखवतो, तांबूस डाग पाणी शिरल्याची खूण असते आणि पृष्ठभागावरील खड्डे झिजेचा पुरावा असतात. स्टब ॲक्सलवर खोल ओरखडे असतील किंवा कोन तेथे अगदी सैल बसत असेल, तर नवे बेअरिंगही टिकणार नाही.

हबमधील कप पितळी दांड्याने, समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने ठोकून बाहेर काढावेत. हब रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडा करावा. बेअरिंग हवेच्या झोताने फिरवू नये, त्यातून रोलर उडून इजा होऊ शकते. नवे कप सरळ, खोबणीच्या तळाला टेकेपर्यंत बसवावेत. कप आणि कोन एकाच संचातील असावेत. जुन्या कपात नवा कोन बसवल्यास झीज लवकर होते.

चाकांच्या बेअरिंगसाठीचे, उष्णता सहन करणारे लिथियम ग्रीस रोलरच्या मधल्या जागांत तळहाताने दाबून भरावे. वरून फासलेले ग्रीस आत पोहोचत नाही. जुने आणि नवे ग्रीस मिसळू नये. सील नेहमी नवे लावावे आणि डिस्कवर ग्रीसचा बोटही लागू देऊ नये.

नट आवळणे : निर्णायक टप्पा

हब फिरवत नट आवळावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करून पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणानुसार पुन्हा हलका आवळावा. सर्वसाधारणपणे मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी मोकळीक ठेवली जाते. हब सहज फिरला पाहिजे, पण हाताला खटखट जाणवू नये. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल, तर सहसा नट पुढे आवळण्याऐवजी किंचित मागे घ्यावा. पिन नवीनच वापरावी.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. वाहन हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबणे विसरू नये. छोट्या फेरीनंतर दोन्ही बाजूंच्या हबची उष्णता ताडून पाहावी आणि काहीशे किलोमीटरनंतर ढिलाई पुन्हा तपासावी. एकच बाजू बिघडली असेल, तरी दुसऱ्या बाजूचे बेअरिंग उघडून पाहणे हिताचे ठरते.

अस्सल भाग आणि नियमित निगा

देशात चाकांची बेअरिंग मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जयपूर, जमशेदपूर आणि पुण्याजवळील चिंचवड ही त्यांतील परिचित केंद्रे. तरीही बाजारात नामांकित कंपन्यांच्या वेष्टनातील बनावट बेअरिंग आढळतात. अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करावी आणि बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वेष्टनावरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

ज्या वाहनांत ग्रीस भरता येते, त्यांच्या बेअरिंगची सेवा पुस्तिकेतील अंतराने करावी. चाके पाण्यात बुडाली असल्यास मात्र त्या अंतराची वाट न पाहता हब उघडावेत. एकसंध बेअरिंग बदलण्यासाठी प्रेस आणि टॉर्क पाना लागतो. ज्यांच्याकडे ही साधने नाहीत, त्यांनी हे काम जाणकार मिस्त्रीकडेच सोपवावे. घरघर ऐकू येऊ लागली, तर लांबचा प्रवास तपासणीपर्यंत पुढे ढकलावा. चाक डगमगत असेल किंवा हब हात लावता येणार नाही इतका तापत असेल, तर वाहन तेथेच थांबवून उचलून न्यावे.